वाख, रेझिन आणि पाणी

कापसाचा धागा भिजला की दुबळा होत नाही, उलट थोडा अधिक बळकट होतो. जवसाच्या खोडापासून निघणाऱ्या लिननचेही तसेच. धुण्याच्या दगडावर वर्षानुवर्षे आपटून सुती कापड टिकते, त्यामागे हेही एक कारण आहे. आता असाच एखादा वनस्पतीचा तंतू रेझिनमध्ये बसवून तीन मिलिमीटर जाडीचा तक्ता करा आणि तो महिनाभर पाण्यात बुडवून ठेवा. बाहेर काढून ताणलात तर बहुतेक वेळा तो कोरड्या तक्त्यापेक्षा बऱ्याच कमी ओझ्याला तुटतो. तंतूचे फारसे बिघडलेले नसते आणि रेझिनही विरघळलेले नसते. मग बळ गेले कुठे? ते तंतू आणि रेझिन यांच्या सांध्यात होते, आणि पाण्याने नेमका तोच सांधा सैल केला.

वनस्पतिजन्य तंतूंनी बळकट केलेल्या प्लास्टिकला अभियंते संमिश्र म्हणतात, कारखान्यात सरळ कंपोझिट म्हणतात. या पदार्थाबद्दल आपल्याकडे हल्ली पुष्कळ उत्साह आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांत दरवर्षी केळीच्या, घायपाताच्या, अंबाडीच्या, काथ्याच्या तंतूंवर प्रकल्प होतात. प्रयोगशाळेत असे प्रकल्प मी जवळून पाहत आलो आहे. तक्ता करणे एका दिवसाचे काम आहे. तो तक्ता खरोखर काय आहे हे कळायला मात्र कित्येक आठवडे लागतात, आणि बहुतेक अहवाल त्याआधीच बांधून होतात. म्हणून या लेखात करण्याइतकेच, किंबहुना जास्तच, तपासण्याबद्दल लिहिणार आहे.

कल्पना नवी नाही. १९०७ मध्ये लिओ बेकलंड यांनी बेकेलाइट केले, तेव्हापासूनच त्यात लाकडाचा भुसा घालत, कारण नुसते फिनॉलचे रेझिन फार ठिसूळ असते. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या डक्सफर्डला नॉर्मन डी ब्रुइन यांनी जवसाचे धागे फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवून ‘गॉर्डन एरोलाइट’ नावाचा पदार्थ तयार केला. दुसऱ्या महायुद्धात ॲल्युमिनियमच्या तुटवड्याची भीती होती, तेव्हा त्यापासून स्पिटफायर विमानाचा धडाचा भाग प्रयोगादाखल बनवण्यात आला. ॲल्युमिनियम मिळत राहिले आणि ते काम पुढे गेले नाही. पण लढाऊ विमानाच्या सांगाड्यासाठी जवसाचा विचार झाला होता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

सर्वांत मोठ्या प्रमाणावर हे केले ते पूर्व जर्मनीने. तिथे मोटारींसाठी पोलादी पत्रा मिळत नव्हता. मग कापसाचा टाकाऊ तंतू आणि फिनॉलिक रेझिन यांचे थर गरम दाबयंत्रात दाबून त्यांनी ‘ड्यूरोप्लास्ट’ केले आणि त्याचे पत्रे ट्राबांट या मोटारीला बसवले. १९५७ ते १९९१ या काळात त्स्विकाऊच्या कारखान्यातून अशा तीस लाखांच्या आसपास गाड्या बाहेर पडल्या. पत्रा गंजत नसे. पुढे जर्मनी एक झाला, गाड्या भंगारात निघाल्या, तेव्हा कळले की हा पदार्थ वितळवून पुन्हा वापरता येत नाही आणि जाळला तर विषारी धूर निघतो. निसर्गातला तंतू घातला म्हणून वस्तू निसर्गात परत जाते असे नाही, याचा इतका मोठा पुरावा दुसरा नसेल. आपल्याकडे १९७०च्या दशकात भारत सरकार आणि संयुक्त राष्ट्रांची औद्योगिक विकास संघटना यांनी ज्यूट आणि पॉलिएस्टर यांच्या वस्तूंवर काम केले. त्यानंतर त्रिवेंद्रमच्या आणि भोपाळच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळांनी काथ्या, घायपात, ज्यूट यांचे पद्धतशीर मोजमाप केले. आज जे आकडे जगभरच्या शोधनिबंधांत वापरले जातात, त्यांतले कितीतरी तिथून आलेले आहेत.

एक उदाहरण धरून चालू: घायपात. विदर्भ-मराठवाड्यात याला केकताडही म्हणतात. मूळ मेक्सिकोचे हे झाड आपल्याकडे शेताच्या बांधावर, रेल्वेच्या कडेला, मुरमाड माळावर कुंपण म्हणून रुजले. त्याच्या पानांतून वाख निघतो. पाने पाण्यात कुजवायची, बडवायची, धुऊन उन्हात वाळवायची, आणि त्या वाखाचे नाडे, चऱ्हाटे, दावी वळायची, हे काम महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः मातंग समाजाने केले. कुठला वाख कुठल्या कामाचा, किती कुजवला म्हणजे तो सुटतो पण सडत नाही, हे त्यांच्या हाताला ठाऊक होते. आजच्या प्रयोगशाळेत ‘तंतू मिळवला’ एवढ्या दोन शब्दांत हा सारा भाग संपतो, ते मला पटत नाही. कारण तंतूची निम्मी गुणवत्ता तिथेच ठरते. जास्त कुजला तर सूक्ष्मजीव सेल्युलोजपर्यंत पोहोचतात, कमी कुजला तर गर चिकटून राहतो आणि रेझिन त्या गराला चिकटते, तंतूला नाही. आता पाने खरवडणारी यंत्रे आहेत, त्यांत कुजवण्याची गरज पडत नाही. पण ओल्या पानाच्या वजनाच्या जेमतेम चार टक्के वाख मिळतो, बाकी सगळा चोथा आणि अंगाला खाज आणणारा रस. गावात उद्योग काढणाऱ्याला पहिला विचार या शहाण्णव टक्क्यांचा करावा लागतो.

वाखाचा जो एक धागा आपल्याला दिसतो तो एक तंतू नसतोच. काही मिलिमीटर लांबीच्या पुष्कळ पेशी पेक्टिन आणि लिग्निनने एकमेकींना चिकटलेल्या असतात, आणि प्रत्येक पेशी आतून पोकळ असते. पेशीच्या भिंतीत सेल्युलोजचे अतिसूक्ष्म धागे मळसूत्री वळणाने गुंडाळलेले असतात. हे वळण किती तिरपे आहे यावर तंतूचा स्वभाव ठरतो. ज्यूटमध्ये ते अक्षापासून जेमतेम ८ अंश कललेले असते, म्हणून ज्यूट ताठ असतो आणि दीड-दोन टक्के लांबला की तुटतो. वाखात हा कोन साधारण १० ते २२ अंश. काथ्यात तो ३० अंशांच्या वर जातो, शिवाय सेल्युलोज कमी आणि लिग्निन चाळीस टक्क्यांच्या वर, म्हणून काथ्या स्प्रिंगसारखा पंधरा टक्क्यांहून जास्त लांबतो, पण त्याला ताठपणा नाही. चटईला, गादीला काथ्या उत्तम. भार झेलणाऱ्या तक्त्यात तो घालून ‘बळकटी वाढली नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्या अहवालात काथ्याचा दोष नसतो, निवडीचा असतो.

आकडे पाहू. वाखाचे ताणबल साधारण ४०० ते ६०० मेगापास्कल, ताठपणा १० ते २० गिगापास्कल. काचतंतूचे ताणबल २००० मेगापास्कलच्या वर आणि ताठपणा सुमारे ७० गिगापास्कल. म्हणजे बळाच्या बाबतीत तुलनाच नाही. पण काचेची घनता २.५, वाखाची १.४५ च्या आसपास. शिवाय दरवाजाचा तक्ता किंवा मोटारीच्या दाराचे आतले पॅनल सहसा ओढले जात नाही, वाकवले जाते. वाकणाऱ्या सपाट तक्त्याचे वजन कमी ठेवायचे असेल तर ताठपणाच्या घनमुळाला घनतेने भागून जो आकडा येतो तो महत्त्वाचा. काचेसाठी हा भागाकार १.६५ येतो. २० गिगापास्कलच्या ज्यूटसाठी किंवा चांगल्या वाखासाठी १.८७. इथे वनस्पतीचा तंतू काचेच्या पुढे जातो. हा साधा हिशेब ज्यांनी ओळखला, त्यांनीच या पदार्थाचे सोने केले. जर्मन मोटार कंपन्यांनी १९९०च्या दशकापासून दारांची आतली पॅनले जवस आणि वाखाची केली. २०१३ मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यू आय३ या विजेवरच्या गाडीत ती केनाफची होती. केनाफ म्हणजे आपल्या अंबाडीच्याच कुळातले झाड.

आता त्या सांध्याकडे. सेल्युलोजच्या रेणूवर जागोजाग हायड्रॉक्सिल गट असतात आणि त्यांना पाण्याचे आकर्षण असते. ज्यूटचा व्यवहार करताना त्यात १३.७५ टक्के ओलावा असतोच असे धरून वजन ठरवण्याची रीत आहे. उलट पॉलिप्रॉपिलीनसारखे प्लास्टिक पाण्याला थारा देत नाही. या दोघांना शेजारी बसवले तरी ते एकमेकांना धरत नाहीत. पॉलिएस्टर आणि इपॉक्सी थोडे जास्त जमवून घेतात. म्हणून तंतूवर आधी प्रक्रिया करतात. सर्वांत प्रचलित म्हणजे कॉस्टिक सोड्याचे साधारण पाच टक्क्यांचे द्रावण. त्यात तंतू काही तास ठेवला की पृष्ठभागावरचे मेण, पेक्टिन, काही हेमिसेल्युलोज निघून जाते, जुडी थोडी सुटते, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि रेझिनला धरायला जागा मिळते. कापसावर हीच प्रक्रिया करण्याचे पेटंट इंग्लंडच्या जॉन मर्सर यांनी १८५० मध्ये घेतले होते. द्रावण तीव्र ठेवले किंवा वेळ वाढवला तर मात्र तंतूच पोखरतो. नंतर तो भरपूर पाण्याने धुवावा लागतो, आणि ते क्षाराचे पाणी कुठे सोडले याचा उल्लेख ‘पर्यावरणपूरक’ म्हणवणाऱ्या अहवालांत क्वचितच सापडतो. पॉलिप्रॉपिलीनसाठी वेगळी युक्ती आहे: मलेइक ॲनहायड्राइड जोडलेले थोडे पॉलिप्रॉपिलीन मिसळायचे. त्याचे एक टोक सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिलला धरते, बाकीची साखळी प्लास्टिकमध्ये गुंतते.

तक्ता करायची सोपी पद्धत म्हणजे हाताने थर देणे. काचेचा किंवा स्टीलचा सपाट साचा, त्यावर मेण. ३०० बाय ३०० मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर जाडीचा तक्ता हवा असेल तर त्याचे घनफळ २७० घन सेंटिमीटर. वजनात ३० टक्के वाख घ्यायचा ठरवला, रेझिनची घनता १.२ आणि वाखाची १.४५ धरली, तर पोकळी नसलेल्या तक्त्याची घनता सुमारे १.२७ येते आणि वजन ३४२ ग्रॅम. त्यात वाख १०२ ग्रॅम, रेझिन २४०. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत एलवाय ५५६ हे इपॉक्सी आणि एचवाय ९५१ हे हार्डनर वजनाने १०० ला १० या प्रमाणात सर्रास वापरतात. वाख आधी ओव्हनमध्ये वाळवलेला हवा, आणि ओव्हनमधून काढल्यावर तो टेबलावर पडून राहता कामा नये. जुलै महिन्यात पुण्यात, आणि कोकणात तर बारा महिने, तो हवेतला ओलावा पुन्हा ओढून घेतो. ओला तंतू रेझिनमध्ये गेला की सांध्याची सुरुवातच पाण्याने होते, आणि रेझिन तापताना वाफेचे बुडबुडे होतात ते वेगळेच. रोलर फिरवून हवा काढायची, वर दुसरी प्लेट ठेवून दाब द्यायचा, एक दिवस थांबायचे, मग ओव्हनमध्ये काही तास.

पॉलिएस्टर वापरणाऱ्यांना एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. त्यात प्रवेगक म्हणून कोबाल्ट आणि उत्प्रेरक म्हणून एमईकेपी नावाचे पेरॉक्साइड घालतात. हे दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, स्फोटासारखी प्रतिक्रिया होते. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचे, मगच दुसरे. डोळ्यांवर चष्मा, खिडक्या उघड्या.

वितळणाऱ्या प्लास्टिकसोबत काम असेल तर तापमानाची कडक मर्यादा येते. दोनशे अंशांच्या वर तंतू करपू लागतो, हेमिसेल्युलोज सर्वांत आधी विघटते. पॉलिप्रॉपिलीन १६५ अंशांच्या आसपास वितळते, म्हणून ते चालते. बाटल्यांचे पीईटी अडीचशेच्या वर वितळते, म्हणून बाद. मक्यापासून किंवा उसापासून होणारे पीएलए वितळायला सोयीचे आहे, पण साधारण साठ अंशांना ते मऊ पडते. मे महिन्यात चंद्रपूरला उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीचा डॅशबोर्ड त्याचा करता येणार नाही.

तक्ता तयार झाला. आता तपासणी, आणि इथेच खरी मजा आहे.

पहिली चाचणी तराजूची. तक्त्याचा तुकडा हवेत आणि पाण्यात तोलून घनता काढायची. हिशेबाने १.२७ यायला हवी होती, प्रत्यक्षात १.२० आली, तर आत पाच टक्क्यांहून थोडी अधिक पोकळी आहे. विमानाच्या कार्बन संमिश्रात एक-दोन टक्क्यांवर पोकळी गेली तर भाग नाकारतात. इतकी स्वस्त आणि इतकी बोलकी चाचणी दुसरी नाही, तरी ती वगळली जाते याचे मला वाईट वाटते. काचतंतूच्या तक्त्यात आणखी एक सोय असते: तुकडा भट्टीत ५६५ अंशांना जाळला की रेझिन जाते आणि काच उरते, तिचे वजन केले की प्रमाण कळते. वाख मात्र रेझिनबरोबरच जळतो. म्हणून इथे सुरुवातीची वजने प्रामाणिकपणे लिहून ठेवण्याला पर्याय नाही.

एकट्या तंतूची चाचणी नाजूक असते. जाड कागदात चौकोनी खिडकी कापायची, तिच्यात तंतू उभा चिकटवायचा, कागद यंत्राच्या चिमट्यांत धरायचा आणि मग दोन्ही बाजू कात्रीने कापायच्या, म्हणजे ओझे फक्त तंतूवर येते. बळ काढायचे तर ओझ्याला छेदाच्या क्षेत्रफळाने भागावे लागते, आणि वाखाचा छेद गोल नसतो, सगळीकडे सारखा नसतो. व्यासात दहा टक्क्यांची चूक म्हणजे क्षेत्रफळात एकवीस टक्क्यांची. शिवाय तंतू जितका लांब, तितका त्यात कुठेतरी मोठा दोष असण्याचा संभव जास्त, म्हणून ५० मिलिमीटरचा तुकडा १० मिलिमीटरच्या तुकड्यापेक्षा कमी बळाचा निघतो. ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये काचेच्या धाग्यांवर हा दोषांचा खेळ दाखवला आणि स्वीडनच्या वायबुल यांनी त्याला संख्याशास्त्राची चौकट दिली. वाखाचे बळ ‘४०० ते ६००’ असे ऐसपैस का लिहावे लागते त्याचे उत्तर इथे आहे. एकाच पानाच्या बुडाचा आणि टोकाचा वाखही सारखा नसतो. सरासरीबरोबर विखुरणही न देणारा आकडा मी गंभीरपणे घेत नाही.

मग तक्त्याच्या पट्ट्या. ताणचाचणीसाठी साधारण २५० मिलिमीटर लांब, २५ रुंद. कापताना पाण्याची धार मारणारी करवत टाळावी, नाहीतर चाचणीआधीच कडांतून पाणी शिरते. यूटीएम या ताणयंत्रावर मिनिटाला २ मिलिमीटर या संथ गतीने ओढायचे, किमान पाच पट्ट्या, आणि चिमट्यातच तुटलेली पट्टी मोजायची नाही. वाकण्याच्या चाचणीत दोन आधारांतले अंतर जाडीच्या सोळा पट, म्हणजे ३ मिलिमीटरच्या तक्त्यासाठी ४८ मिलिमीटर. अंतर कमी ठेवले तर पट्टी वाकण्याऐवजी थरांमध्ये सरकते आणि आपण भलतेच काही मोजतो. आघाताच्या चाचणीत खाच पाडलेल्या तुकड्यावर लंबक आपटतात.

आकड्यांइतकेच किंबहुना जास्त सांगते ते तुटलेले टोक. तिथे लांबच लांब, स्वच्छ, कोरडे तंतू बाहेर आलेले दिसले आणि समोरच्या तुकड्यात त्यांची रिकामी भोके दिसली, तर सांध्याने तंतूला धरलेच नव्हते. तंतू अगदी पृष्ठभागालगत सपाट तुटले असतील तर सांधा घट्ट आहे, पण तेव्हा तडा न अडखळता आरपार जातो आणि तक्ता ठिसूळ वागतो. मधली अवस्था हवी: तंतू थोडे उपसलेले, अंगावर रेझिनचे कण चिकटलेले. उपसताना होणारे घर्षण आघाताची ऊर्जा खाते. म्हणूनच एखाद्या रासायनिक प्रक्रियेने ताणबल वाढते आणि त्याच तक्त्याचे आघातबल घटते. दोन्ही एकदम वाढल्याचे अहवालात वाचले की मी तुटीचे छायाचित्र मागतो.

या सांध्याचे गणित अँथनी केली आणि टायसन यांनी १९६५ मध्ये तांब्यात बसवलेल्या टंगस्टनच्या तारांवर काम करताना मांडले. तंतू आत गाडलेला असताना ओझे त्याच्या टोकाला लागत नाही. ते अंगावरून, सांध्याच्या धरण्यातून, हळूहळू त्याच्यावर चढते. तंतू फार आखूड असेल तर पूर्ण ओझे चढायच्या आतच तो संपतो आणि उपसून येतो. किती लांबी हवी? तंतूचे बळ गुणिले व्यास, भागिले सांध्याच्या बळाची दुप्पट. समजा वाख ५०० मेगापास्कलचा, व्यास ०.२ मिलिमीटर, सांधा ५ मेगापास्कलचा. लांबी येते १० मिलिमीटर. म्हणजे दहा मिलिमीटरचे तुकडे जेमतेम पुरतात, त्याहून लांब असले तर उत्तम. आता पाणी शिरले आणि सांधा निम्मा झाला, २.५ मेगापास्कल. लांबी झाली २० मिलिमीटर. तक्त्यात तंतू तेच आहेत, तेवढेच बळकट आहेत, पण दहा-पंधरा मिलिमीटरचे तुकडे आता आखूड ठरले. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे संख्यात्मक उत्तर हे आहे.

पाणी शिरते तीन वाटांनी: रेझिनमधून झिरपत, पोकळ्या आणि तड्यांतून, आणि कापलेल्या कडेला उघड्या पडलेल्या पेशींच्या पोकळ नळ्यांतून. आत गेल्यावर तंतू फुगतो, आडव्या दिशेने जास्त, आणि भोवतालच्या रेझिनला ढकलतो. त्यात सूक्ष्म तडे जातात. वाळल्यावर तंतू आक्रसतो, रेझिन तिथेच राहते, आणि मध्ये फट उरते. दुसऱ्या पावसाळ्यात पाण्याला वाट तयारच असते. म्हणून एकदा बुडवून पाहणे पुरेसे नाही. भिजवणे-वाळवणे अशी आवर्तने द्यायला हवीत, कारण आपले हवामान तेच करते.

मोजण्याची पद्धत सोपी आहे. तुकडे ५० अंशांना चोवीस तास वाळवून तोलायचे, पाण्यात टाकायचे, ठरावीक वेळाने काढून पुसून पुन्हा तोलायचे. ॲडॉल्फ फिक यांच्या १८५५ च्या नियमाप्रमाणे सुरुवातीला वजनातली वाढ वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होते: एका दिवसात जेवढी, तिच्या दुप्पट चार दिवसांत, तिप्पट नऊ दिवसांत. पुढे वक्र सपाट होतो. तक्ता दुप्पट जाड केला तर संपृक्त व्हायला चौपट वेळ लागतो. या नियमावरूनच दिसते की चोवीस तासांची चाचणी जाड तक्त्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. अहवालात मात्र बहुधा तोच एक आकडा असतो, कारण सत्र संपत आलेले असते. वक्र सपाट झाल्यावर न थांबता पुन्हा चढू लागला तर आत तडे जात आहेत असे समजावे, आणि नंतर खाली झुकला तर तंतूतील काहीतरी विरघळून बाहेर पडते आहे.

या सगळ्यावर उपाय आहेत. कडा रेझिनने बंद करणे, बाहेरून जेलकोट म्हणजे रेझिनचा संरक्षक थर देणे, बाहेरचे थर काचतंतूचे आणि आतले वाखाचे ठेवणे. शेवटचा उपाय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. वाकणाऱ्या तक्त्यात सर्वांत जास्त ताण बाहेरच्या थरांवर येतो आणि पाण्याशी गाठही त्यांचीच पडते. तिथे काच ठेवली तर आतला वाख कोरडा राहतो आणि वजन व खर्च दोन्ही आटोक्यात राहतात. काही जणांना यात निसर्गाशी तडजोड वाटते. पण पॉलिएस्टर किंवा इपॉक्सी वापरले तिथेच वस्तू कुजून मातीत जाण्याची शक्यता संपलेली असते. पर्यावरणाचा लाभ दुसरीकडे आहे: जवसाच्या तंतूंची एक किलो चटई बनवायला सुमारे साडेनऊ मेगाज्यूल ऊर्जा लागते आणि काचतंतूच्या तेवढ्याच चटईला जवळपास पंचावन्न, असे हिशेब मांडले गेले आहेत. वस्तू निम्म्या आयुष्यात बदलावी लागली तर मात्र या फायद्यातला मोठा वाटा निघून जातो. म्हणजे टिकाऊपणाची चाचणी हीच पर्यावरणाचीही चाचणी ठरते.

मोटारीच्या दारात हा पदार्थ का रुजला तेही आता उलगडते. तिथे पाऊस लागत नाही, काम वाकण्याचे आहे, वजन वाचले की इंधन वाचते, पॉलिप्रॉपिलीन दोनशे अंशांच्या आत दाबता येते, आणि अपघातात त्याच्या काचेसारख्या धारदार कपच्या उडत नाहीत. आपल्याकडे जळगावच्या केळीच्या खोडांबद्दल बोलताना याच क्रमाने विचार व्हावा असे वाटते. घड काढल्यावर खोडे पडून राहतात, त्यांत तंतू आहे, हे खरे. पण कारखान्याला दर महिन्याला एकसारख्या जाडीचा, एकसारखा वाळवलेला, प्रतवारी केलेला तंतू लागतो. ज्यूटची अशी प्रतवारी बंगालमध्ये फार पूर्वीपासून आहे. केळीच्या आणि घायपाताच्या तंतूंना ती लावणे हे रेझिनच्या नव्या सूत्रापेक्षा अधिक निकडीचे काम आहे, आणि त्यासाठी वाख हाताळलेल्या माणसांची नजर लागेल.

चिपळूणला न्हाणीघराला असा दरवाजा बसवायचा असेल तर विक्रेत्याला मी कोरडे ताणबल विचारणार नाही. संपृक्त होईपर्यंत भिजवल्यावर वाकण्याचे बळ किती उरले, भिजवण्या-वाळवण्याच्या आवर्तनांनंतर जाडी किती फुगली, पाच पट्ट्यांत सर्वांत कमी आकडा कोणता आला, आणि बिजागरीचे स्क्रू जिथे जातात ती भोके आतून कशाने बंद केली आहेत, एवढे विचारीन.